खालची अक्षरं

४ ऑक्टोबर, शनिवार

इशिताने ही वही दिली. माझी नात. म्हणते, "आजी, रोज चार बायका विचारतात काय बघू काय बघू, आणि तू एकीला सांगतेस बघ, दुसरीला सांगतेस नको. लिहून ठेव." म्हणजे मी विसरायला लागले, असं तिचं म्हणणं. बरं, लिहिते. शिक्षण चौथी, त्यातही अर्धे दिवस वाडीत शिंपण्यात गेलेले. चुका काढायच्या असतील त्याने स्वतःची वही आणावी.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलाने भिंतीएवढा टीव्ही आणला, त्यात सगळ्या जगातल्या मालिका. परदेशी नावं तोंडात बसत नाहीत, म्हणून मीच ठेवते.

विहिरीतल्या प्रेताची (तुर्कस्तान): बघा. शेवटचे दोन भाग सोडा. कोणी मारलं ते करणाऱ्यांनाच ठाऊक नाही.

डॉक्टरणीची (आपल्याकडचीच): बघू नका. दहा भाग झाले, बाई एकदाही हात धूत नाही.

बरण्यांची (कोरिया): बघाच. सोळा भाग. एक म्हातारी, अंगणात माणूस मावेल एवढ्या बरण्या, त्यात सोयाबीन आंबवते. बोलणं त्यांच्या भाषेत आणि खाली हिंदीत अक्षरं. अक्षरं आपलीच, त्यामुळे वाचता येतात. पहिल्या भागाला मला दोन दिवस लागले, थांबवायचं, वाचायचं, पुढे जायचं. आता एका बैठकीत होतो. शाळेने जे शिकवलं नाही ते ह्या म्हातारीने शिकवलं.

दुपारी तुळशीच्या जुड्या बांधायला बायका ओट्यावर बसतात, तेव्हा सांगते. मी "बघा" म्हटलं की आमच्या उमेळे गावात सहा घरी लागते. मग दुसऱ्या दिवशी त्यावर बोलणं होतं. बघितल्याशिवाय बोलणाऱ्या बाईला माझ्या ओट्यावर जागा नाही, हे आधीच सांगून ठेवलंय.

६ ऑक्टोबर, सोमवार

क्लेमेंटीनने डोकं फिरवलं.

ही माझी शेजारीण. मध्ये जास्वंदीचं कुंपण. एकाच वर्षी दोघी नव्या नवऱ्या होऊन ह्या आळीत आलो, ती चर्चमधून, मी मांडवातून. आता पन्नासावर वर्षं झाली. तिचं माहेर अर्नाळ्याकडे. सिस्टरांच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले, असं आल्या दिवसापासून सांगते, आणि मी चौथीवाली म्हणून मी ते आल्या दिवसापासून ऐकून घेते.

आज विचारलं, "बरण्यांचा तिसरा भाग बघितलास?"

"बघितला गो. काय मस्त."

"काय झालं त्यात?"

"तू सांग आधी."

नेहमीचं. आयतखाऊ. मी म्हटलं, नाही, आज तू सांग. तर म्हणते, म्हातारी सुनेला हाकलते. म्हातारी सुनेला हाकलत नाही! ती तिला बरणीचं झाकण कसं धरायचं ते शिकवते. आवाज मोठा आहे बाईचा, एवढंच. बायका हसल्या. क्लेमेंटीन पण हसली. मला हसू आलं नाही. मी सांगायचं बघा, आणि हिने न बघता हो म्हणायचं, मग माझ्या सांगण्याला किंमत काय राहिली?

८ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा तेच. पाचव्या भागात मोठा मुलगा आईसमोर कागद ठेवतो आणि आई रडते. तो कागद इस्पितळाचा. पोराच्या पोटात गाठ आहे, तो आईला सांगायला धजत नाही म्हणून कागद ठेवतो. स्वच्छ लिहिलंय खाली.

क्लेमेंटीन म्हणते, "तो तिची जागा घेतोय. कागदावर काय हाय ते तिला ठाऊक नाय, म्हणून रडते. मग ती सांगते, हात थरथरतो, आज सही नाय होत. हुशार हाय म्हातारी."

"अगं कुठली जागा? सोळाही भागांत तिचा हात थरथरलेला नाही. हात थरथरला तर बरण्या कोण उचलेल, तुझा बाप?"

"मी बघितलं ते सांगते."

"तू झोपेत बघितलंस."

मग जाताना मला बाजूला घेऊन विचारते, "पण मंदे, समजा असा कागद असलाच, तर सही केल्यावर परत घेता येतो का गो?" मी म्हटलं, जे मालिकेत नाहीच त्याचं मी काय सांगू. सगळे भाग नीट बघ आणि मग ये.

११ ऑक्टोबर, शनिवार

क्लेमेंटीन सकाळी एकटीच आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत गुंडाळलेला कागद. मी सहावा भाग पुन्हा लावला होता.

"काय आणलंस?"

"काय नाय. लाइटबिल."

"मग मला कशाला दाखवतेस? ॲल्रॉयला दे, तो भरेल." ॲल्रॉय तिचा मुलगा. मोठ्या गाडीत फिरतो, काय करतो ते विचारू नये.

बसली थोडा वेळ. पडद्यावरची अक्षरं पळत होती, मी वाचत होते, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "तुझे ओठ हलतात वाचताना."

मला लागलं ते. सातवीवाल्या बाईने चौथीवालीचे ओठ मोजायचे? म्हटलं, "आम्ही गावंढळ, सिस्टरांच्या हाताखाली शिकलो असतो तर ओठ मिटून वाचलं असतं." पिशवी उचलून गेली. चहा तसाच. साखर घातलेला चहा टाकून जाणारी माणसं मला आवडत नाहीत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज पकडली.

ओट्यावर सात बायका होत्या. क्लेमेंटीनने पुन्हा तिची ती जागेची कथा काढली, आणि दोघी-तिघी ऐकायलाही लागल्या, वर मलाच म्हणतात, "मंदाकाकू, क्लेमेबाईंची गोष्ट जास्त रंगते." माझ्याच ओट्यावर! मी सगळ्यांना आत बोलावलं, पाचवा भाग लावला आणि कागद आला तिथे थांबवला.

"वाच. खाली काय लिहिलंय?"

"चष्मा घरी रायला."

हे उत्तर मी कित्येक वर्षं ऐकतेय. बसवर कुठली पाटी? चष्मा घरी. लग्नाची पत्रिका? चष्मा घरी. मी माझा चष्मा काढून तिच्या हातात दिला. आम्हा दोघींचे चष्मे चर्चच्या हॉलमधल्या शिबिरात एकाच दिवशी झाले, दोघींचा नंबर अडीच. मागे एकदा बदलले गेले होते तर आठ दिवस कळलं नव्हतं.

तिने लावला. बघत राहिली. ओठ हलले नाहीत. मी म्हटलं, "बोल की सातवी पास. दोन ओळी आहेत."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, माझ्या मांडीवर ठेवला आणि चालू लागली.

खोटारडी! एकही भाग बघितला नव्हता, म्हणून तिला कुठून सुरू करायचं ते कळलं नाही. आज मला गाढ झोप लागेल.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आळीतली रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, काल क्लेमेंटीनच्या घरी होती. ऑक्टोबरात त्यांची घरोघर असते. दरवर्षी ती माझ्यासाठी उकडलेले चणे कुंपणावरून देते, वर खोबरं. यंदा नाही. प्रार्थना मात्र ऐकू आली, पुढे तीच म्हणत होती, माळेचे पाचही भेद तोंडपाठ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पाठ एवढं आणि वाचायला सांगितलं तर चष्मा घरी!

ओट्यावर आज तिघीच. विचारलं तर म्हणे दिवाळीची साफसफाई. साफसफाई कसली. बघा म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून इथेच लिहिते.

जहाजावरच्या खुनाची: बघू नका. सगळ्यांची तोंडं सारखी.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

फराळाचं ताट इशिताच्या हातून पाठवलं. सणाला भांडण मध्ये आणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ताट परत आलं. घासूनपुसून, रिकामं. पन्नास वर्षांत हिच्याकडून रिकामं ताट आलं नव्हतं. काही नसलं तर चार जास्वंदी तरी टाकायची.

इशिता म्हणाली, "आजी, तू सॉरी म्हण ना."

"कशाबद्दल? खरं बोलायला लावलं त्याबद्दल?"

"सगळ्यांसमोर कशाला पण?"

तिला मी चकल्या आत ठेवायला सांगितलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

ॲल्रॉय आला. गोड बोलत आला तेव्हाच मी पाय आखडून घेतले.

"मावशी, सोमवारी वसईला यायचं. मम्मीची एक सही आहे, तुम्ही साक्षीदार. आधार कार्ड घ्या फक्त. गाडीने नेतो, गाडीने आणतो. टेन्शन नाय."

"कसली सही?"

"घरपट्टी माझ्या नावावर करायची. फॉर्मॅलिटी."

"घरपट्टीला साक्षीदार लागतो?"

"आजकाल सगळ्याला लागतो मावशी."

"कागद दाखव."

"वकिलाकडे आहे. मम्मीने वाचलाय ना, दोनदा. घरीच दिला होता तिला. चष्मा लावून बसली होती, मी समोरच होतो."

मी हो म्हणून टाकलं. तिच्यावरचा राग होता, म्हटलं बघू दे तिला, मी सही करते तरी कशी झोकात. तो गेला. मी भाजी निवडायला घेतली.

चष्मा लावून बसली होती, म्हणाला. तशीच इथेही बसली होती.

निवडलेली भाजी आणि देठं मी एकाच टोपलीत टाकत होते.

तिचा नवरा बॅप्टिस्ट जिवंत होता तेव्हा रोज सकाळी ओट्यावर बसून पेपर वाचायचा, एवढ्या मोठ्याने की अर्ध्या आळीला ऐकू जावं. मी कितीदा मनात शिव्या दिल्यात, ह्या माणसाला मनात वाचता येत नाही का म्हणून. औषधाच्या पाकिटावरचं, पोरांच्या प्रगतिपुस्तकातलं, लग्नाच्या पत्रिकेतलं, सगळं मोठ्याने. क्लेमेंटीन तिथेच मासे साफ करत बसलेली असायची. तो मेल्यापासूनच तिचा चष्मा घरी राहायला लागला. तो होता तेव्हा तिला चष्मा लागलाच नाही.

पिशवीत लाइटबिल नव्हतं.

राग आला. कोणाचा ते नीट ठरेना, म्हणून सुनेच्या आमटीवर काढला. मेघना म्हणाली, आई, आमटीत काय वाईट आहे? काही नव्हतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

कुंपणाशी गेले. क्लेमेंटीन केळीची वाळकी पानं काढत होती.

"क्लेमे, सोमवारचा कागद मला दाखव."

"कशाला? मी शिकलेली हाय, वाचलाय मी."

"क्लेमे."

"तू तुझ्या मालिका बघ मंदे. खाली लिहिलेलं असतं सगळं." कोयता पानात मारला आणि आत गेली.

मुस्काट फोडल्यासारखं झालं. इतकी अक्कडबाज बाई मी दुसरी बघितली नाही. लविनाला फोन करावा म्हटलं, ती तिची मुलगी, मस्कतला नर्स आहे. सुट्टीवर आली की ह्याच घरातल्या मागच्या खोलीत राहते. पण फोनवर काय सांगू? तुझ्या आईला वाचता येत नाही? पोटच्या पोरांपासून जे तिने पन्नास वर्षं झाकलं, ते मी एकदा सात बायकांसमोर उघडं टाकून बसलेय. दुसऱ्यांदा टाकणार नाही. मग करू काय? माझं डोकं चालेना. त्या बरण्यांच्या म्हातारीने काय केलं असतं ते बघायला नववा भाग पुन्हा लावला. तिने लोणचं घातलं. काही उपयोगाची नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

जसं झालं तसं लिहिते.

गाडीत क्लेमेंटीन पुढे, मी मागे. नोंदणीच्या कार्यालयात ही गर्दी. पंख्याखालची बाकडी आधीच भरलेली. ॲल्रॉयचा वकील आला, कोवळा पोरगा, पट्ट्याला मोबाईल. खिडकीपाशी बोलावलं. तिथल्या बाईंनी कागद सरकवला आणि क्लेमेंटीनला विचारलं, "आजी, वाचलंय ना? समजलंय ना?"

क्लेमेंटीन म्हणाली, "हो." लगेच. सवयीने.

पेन तिच्या हातात होतं. सहीपुरतं नाव तिला येतं, नक्षी काढावी तसं काढते.

मी म्हटलं, "थांबा. मला नाही समजलं."

वकील म्हणाला, "तुम्ही फक्त साक्षीदार."

"म्हणूनच. ज्याची साक्ष द्यायची ते कळायला नको? मी चौथी पास आहे, तीसुद्धा ढकलून. मला मनात वाचता येत नाही. मोठ्याने वाचलं तरच डोक्यात शिरतं. ह्या बाई शिकलेल्या, ह्यांचं झालं वाचून. माझं व्हायचंय."

"मावशी, मागे लाइन आहे," ॲल्रॉय दातांतून बोलला.

"असू दे. त्यांनाही ऐकू जाईल."

चष्मा लावला आणि सुरू केलं. ओठ हलवून, बोट ठेवून, बॅप्टिस्ट वाचायचा त्या आवाजात. "लि-हून दे-णार, श्रीमती क्लेमेंटीन." मागचे लोक हसायला लागले, कोणीतरी म्हणालं, "आजीला शाळेत पाठवा." हसा म्हटलं. एका पानाला मला किती वेळ लागला कोण जाणे. घरपट्टी कुठेच आली नाही. आलं ते असं: राहतं घर, मागची वाडी, विहिरीतला हिस्सा, "लिहून घेणार यांस राजीखुशीने कायमचे बक्षीस दिले असून, यापुढे लिहून देणार यांचा अथवा त्यांच्या इतर वारसांचा सदर मिळकतीवर कोणताही हक्क राहिलेला नाही."

मी खिडकीतल्या बाईंना विचारलं, "म्हणजे काय हो? सोप्यात सांगा, मी ढ आहे."

"म्हणजे घर मुलाचं. आजींचं काही नाही."

क्लेमेंटीन इतका वेळ भिंतीकडे बघत होती. तिने मान वळवली.

"आणि माझा पलंग?"

ॲल्रॉय म्हणाला, "मम्मी, तो फॉरमॅटच तसा असतो. मी तुला रस्त्यावर टाकणार आहे का? बिल्डरला सगळं एका नावावर लागतं. तुला वन बीएचके देणार ना, लिफ्टवाला."

"लविनाची खोली?"

"तिला मस्कतला काय करायचीय खोली?"

"तू घरपट्टी म्हटलंस."

त्याने वकिलाकडे बघितलं. वकील मोबाईलमध्ये शिरला.

क्लेमेंटीनने पेनाला टोपण लावलं. सावकाश, बरणीला झाकण लावावं तसं. मग हात वर उचलून खिडकीतल्या बाईंना दाखवला. आळीभर कोयता चालवणारा हात, दगडासारखा स्थिर.

"बाय, आज हात थरथरतो," म्हणाली. "सही नाय होत."

परत येताना गाडी मिळाली नाही. रिक्षा केली. तिने तिकडे तोंड केलं होतं, मी इकडे. माझा गुडघा ठणकत होता, ते सांगायची सोय नव्हती.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी ओट्यावर पाच बायका होत्या. क्लेमेंटीन आली, कोणाकडे न बघता तिच्या जागेवर बसली, केळीचं सोपट दातांनी फाडलं आणि जुड्या बांधायला लागली. बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी तुळशीकडे बघितलं.

सगळ्या गेल्यावर म्हणाली, "सगळ्यांसमोर चष्मा दिलास मला."

"हो."

"हलकट हायस तू मंदे."

"आहे."

"बॅप्टिस्ट असता तर तुला विहिरीत टाकलं असतं."

"वाचून दाखवून मग टाकलं असतं."

तिच्या नाकातून आवाज आला. हसली की नाही, सांगता येणार नाही. मग म्हणाली, लविना नाताळला येतेय, तिला सगळं सांगितलं. कागदाचं. दुसरं नाही. ॲल्रॉय घरात जेवत नाही. नको जेवू म्हणावं, तांदूळ वाचतील. पण तो असा गप्प बसणारा नाही, पुन्हा कागद आणेल, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

"आणला की आधी इथे आण," मी म्हटलं. "आणि हवं तर तुला मी..."

"शिकव म्हणालीस तर चपलेने मारीन."

"मी म्हणणार होते, चहा टाकू का."

"टाक. आणि सातवा भाग लाव. मोठ्याने वाच. ओठ हलव, काय हलवायचं ते हलव."

लावला. वाचत गेले. अर्ध्यावर तिने मला थांबवलं. म्हणाली, इथे म्हातारी असं बोलणारच नाही, लिहिणाऱ्याने चुकवलंय. मग तिने त्या म्हातारीचं बोलणं स्वतः करून दाखवलं, हातवाऱ्यांसकट, तिच्या घरच्या बोलीत. मी पुढची अक्षरं वाचायची विसरले. इशिता दारात उभी राहून ऐकत होती, तिला पाणी आणायला पिटाळली, तरी गेली नाही.

आधीचं खोडून नवीन लिहिते, म्हणजे बायकांना सांगताना गोंधळ नको.

बरण्यांची (कोरिया), सोळा भाग: बघू नका. क्लेमेंटीनकडून ऐका.